रखडलेली निर्मिती आणि जाहिरातीचे आवाहन : ‘पाकीझा’

चित्रपट पूर्ण झाल्यावर त्याची जाहिरात सुरू होते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वास्तविक निर्मितीविषयीची प्रत्येक वार्ता हीही जाहिरातच असते. मात्र तिचा अर्थ काळानुसार पालटतो. कमाल अमरोही यांचा ‘पाकीझा’ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

या चित्रपटाची जुळवाजुळव १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. दिग्दर्शक आणि नायिका मीनाकुमारी हे तेव्हा पती-पत्नी होते, आणि या दांपत्याची संयुक्त कलाकृती हेच चित्रपटाचे आकर्षण होते. १९६४ मध्ये दोघे विभक्त झाले, काम थांबले. १९६७ मध्ये छायालेखक जोसेफ वर्शिंग आणि १९६८ मध्ये संगीतकार गुलाम मोहम्मद निवर्तले. आता तोच प्रकल्प ओझे वाटू लागला. रुची बदलत होती, आणि तवायफेची कथा, मुजरा, लखनवी अदब हे सारे मागील पिढीचे ठरण्याचा धोका होता.

१९६९ मध्ये चित्रीकरण पुन्हा सुरू झाले, तेव्हा दुरावलेले पती-पत्नी एकत्र काम करीत आहेत, हीच उत्सुकतेची बाब झाली. ज्या दुराव्याने चित्रपट अडवला, तोच त्याचे भांडवल बनला!

४ फेब्रुवारी १९७२ रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात ‘पाकीझा’ प्रदर्शित झाला. आरंभीचे स्वागत बेताचेच होते. ३१ मार्चला मीनाकुमारींचे निधन झाले आणि चित्रपटगृहांकडे लोकांची रीघ लागली. पडद्यावरील कथा तीच, पण प्रेक्षक आता ती निरोप म्हणून पाहू लागला. आजारी नायिकेऐवजी नृत्याच्या काही दृश्यांत पद्मा खन्ना उभ्या राहिल्या होत्या. निर्मितीवेळी झाकण्याची ही गोष्ट पुढे रसिक कौतुकाने सांगू लागले.

मृत्यूमुळेच चित्रपट चालला, असे अनेकदा म्हटले जाते. प्रस्तुत लेखकास ते अर्धेच पटते. शोक प्रेक्षकाला तिकीट-खिडकीपर्यंत आणतो, परंतु अर्धशतकभर गाणी ऐकवत नाही. ते श्रेय गुलाम मोहम्मद यांच्या चालींचे आहे, आणि त्यांना मात्र ते यश पाहता आले नाही.

स्वाध्याय : दीर्घकाळ रखडलेला ‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये प्रदर्शित झाला व २००४ मध्ये पूर्णतः रंगीत स्वरूपात पुन्हा आला. या दोन प्रसंगी प्रेक्षकाला केलेल्या आवाहनात कोणता फरक संभवतो, ते ‘पाकीझा’च्या संदर्भात आठ-दहा ओळींत लिहा.