दोन्ही लालच, मग एकच खरी कशी?

प्रश्न : जुन्या इटालियन मोटरसायकलींचे फोटो जमवायचा मला नाद आहे. ‘मोटो गुझ्झी व्ही 7 स्पोर्ट’ या गाडीचे दोन फोटो मिळाले. दोन्हींची टाकी पोपटी, चासी लाल. पण संग्राहक एकीला डोक्यावर घेतात आणि दुसरीला ‘रंगवलेली’ म्हणून नाक मुरडतात. फरक नेमका कशात? आणि मूळ रूपाला एवढं मोल असेल, तर हीच शौकीन मंडळी जुन्या गुझ्झी कापून-छाटून त्यांच्या कॅफे रेसर का बनवतात?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : फरक रंगात नाही, रंगाखालच्या पोलादात आहे. त्यासाठी ही गाडी कशी घडली ते आधी पाहू.

मोटो गुझ्झीचा कारखाना 1921 पासून उत्तर इटलीत, कोमो सरोवराच्या काठी मांदेल्लो देल लारिओ या गावात आहे. 1967 मध्ये तिथून ‘व्ही 7’ बाहेर पडली. 703 सीसीचं इंजिन, दोन सिलिंडर टाकीखालून डावी-उजवीकडे बाहेर डोकावणारे, आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्ट. गाडी दणकट होती, लांब पल्ल्याला उत्तम होती, पण अंगानं जाड. इंजिनच्या डोक्यावर, दोन सिलिंडरांच्या बेचक्यात डायनॅमो बसवलेला असल्यामुळे चासीला त्याच्यावरून वळसा घालून जावं लागे. त्यामुळे गाडी आपोआप उंच व्हायची.

त्याच वर्षी लिनो तोंती हा अभियंता कंपनीत आला. याच इंजिनाची स्पोर्ट गाडी बनवायचं काम त्याच्याकडे आलं. उद्दिष्ट होतं ताशी 200 किलोमीटर वेग, 200 किलोच्या आसपास वजन आणि पाच गिअर. तोंतीनं डायनॅमो काढून टाकला आणि त्याच्या जागी क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला आल्टर्नेटर बसवला. बेचकं मोकळं झालं. मग चासीचे सरळ पाइप त्याच बेचक्यातून, सिलिंडरांच्या मधून नेता आले आणि गाडी एकदम खाली बसली. इंजिन आता इतकं चपखल बसलं, की ते बाहेर काढता यावं म्हणून चासीचे खालचे पाइप बोल्ट खोलून सुटे करता येतील असे ठेवावे लागले. दरम्यान व्ही 7 चं इंजिन वाढून 757 सीसीचं झालं होतं. ते थोडं घटवून 748 वर आणलं, कारण शर्यतीचा गट 750 पर्यंतचा होता.

आता लाल रंगाकडे येऊ. 1971 मध्ये पहिल्या दीडशेच्या आसपास गाड्या नेहमीच्या साखळीवर न जोडता कारखान्याच्या शर्यत विभागात हातानं जोडल्या गेल्या. त्यांच्या चासीला क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे पाइप वापरले, आणि त्या चास्या लाल रंगवल्या. इटालियनमध्ये या गाड्यांना ‘तेलायो रोस्सो’, म्हणजे लाल चासीवाल्या, असंच म्हणतात. नियमित उत्पादन सुरू झाल्यावर चासी साध्या पोलादाची आणि काळ्या रंगाची झाली. तेव्हा लाल रंग ही मुळात धातूची आणि जोडणीच्या जागेची खूण होती. ती खूण आज कुठल्याही गॅरेजात दोन दिवसांत मारून मिळते. तुम्ही पाहिलेली दुसरी गाडी बहुधा तशीच आहे.

मग खरी ओळखायची कशी? जाणकार आधी नंबर पाहतो. व्ही 7 स्पोर्टच्या चासीचा नंबर ‘व्हीके’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि लाल चासीवाल्या गाड्यांचे नंबर त्या मालिकेच्या अगदी सुरुवातीचे आहेत. नंतर तो इंजिनकडे वळतो. या पहिल्या गाड्यांत टायमिंग कव्हरसारखे काही भाग वाळूच्या साच्यात ओतलेले होते. त्यांचा पृष्ठभाग खरबरीत असतो, पुढच्या गाड्यांतले भाग जास्त गुळगुळीत. शेवटी कागदपत्रं. तिन्ही गोष्टी एकच हकीकत सांगत असतील तरच पैसे मोजायचे.

असाच घोळ डुकाटीतही होतो. एप्रिल 1972 मध्ये इटलीतल्या इमोलाच्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि ब्रुनो स्पाज्जारी दुसरा आला, दोघेही डुकाटी 750 वर. त्या विजयानंतर 1974 मध्ये कारखान्यानं रस्त्यावर चालवता येईल अशी ‘750 सुपर स्पोर्ट’ काढली. तिची चासी फिकट निळसर हिरवी होती आणि इंजिन डेस्मो, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंगऐवजी कॅमच वापरणारं. गाड्या बनल्या 401. पण त्याच काळातल्या साध्या 750 जीटीची इंजिन पेटी तिच्यासारखीच दिसते. त्यामुळे जीटीवर हिरवा रंग आणि सुपर स्पोर्टची टाकी चढवून केलेल्या गाड्या बाजारात फिरतात. सगळ्याच फसवायला केलेल्या नसतात. परवडत नाही म्हणून हौसेनं प्रतिकृती केली आणि विकताना तसं सांगितलं, तर त्यात काही गैर नाही. खुद्द गुझ्झीनं 2010 च्या दशकात ‘व्ही 7 रेसर’ काढली, तेव्हा जुन्या आठवणीखातर तिची चासी लाल रंगवली होती.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कापल्या जाणाऱ्या गुझ्झी सहसा व्ही 7 स्पोर्ट नसतात. तोंतीची चासी इतकी चांगली निघाली, की कंपनीनं ती पुढे तीन दशकांहून अधिक काळ वापरली. मोठी काच आणि पेट्या लावलेली ‘कॅलिफोर्निया’, ‘850 टी 3’, ‘1000 एसपी’ अशा प्रवासी गाड्याही त्याच घराण्यातल्या. त्या भरपूर बनल्या, म्हणून तुलनेनं स्वस्त मिळतात. त्यांची काच, पेट्या, जाड सीट उतरवली की आत व्ही 7 स्पोर्टचाच सांगाडा सापडतो. शिवाय इंजिन बसवायच्या जागा बऱ्याच अंशी जुळत असल्यानं जुन्या चासीत नंतरचं मोठं इंजिनही बसतं.

अशा गाडीची कॅफे रेसर, म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखी सुटसुटीत गाडी, बनवणारे बहुतेक जण त्याच चार-पाच गोष्टी करतात. हँडल खाली येतं, सीट एकट्यापुरती होते, वायरिंग नवं होतं. टी 3 मध्ये पायाच्या ब्रेकनं मागची आणि पुढची डावी अशा दोन डिस्क एकदम दाबल्या जातात. काहींना ते रुचत नाही, म्हणून ते दोन्ही ब्रेक वेगळे करून घेतात. सिलिंडर बाहेर आलेले असल्यानं व्हॉल्व्हची सेटिंग करायला टाकीसुद्धा उतरवावी लागत नाही. घरच्या घरी काम करणाऱ्याला याहून सोयीची गाडी मिळणं कठीण.

इटलीत हा बदलांचा नाद नवा नाही, आणि कधी कधी बदलच इतिहास होऊन बसतो. एमव्ही अगुस्ता या इटालियन कंपनीच्या चार सिलिंडरवाल्या रस्त्यावरच्या गाड्यांना साखळीऐवजी जड शाफ्ट होता. या कंपनीच्या शर्यत पथकाचे प्रमुख होते आर्तुरो माग्नी. कंपनीनं शर्यती थांबवल्यावर त्यांनी सामाराते इथं स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि या गाड्यांचा शाफ्ट काढून साखळी बसवण्याचा संच विकला, पुढे चासीही बनवल्या. त्या वेळी तो बदल होता. आज माग्नीच्या हातची एमव्ही मिळाली तर तिचं ‘मूळ रूप’ परत आणायचा विचार कुणी करणार नाही.

सरकारदरबारी आणि संस्थांत मात्र मूळ रूपच चालतं. इटलीच्या मोटरसायकल महासंघाच्या ऐतिहासिक नोंदवहीत वीस वर्षांहून जुनी गाडी घेतली जाते, पण ती कारखान्यातून निघाली तशी हवी. आपल्याकडे 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेत विंटेज वाहनांची नोंद होते. तिथेही पन्नास वर्षांहून जुनं आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार न केलेलं वाहन लागतं.

माझं मत विचाराल तर गाडी हातात आली की दोनच प्रश्न विचारावेत. अशा किती उरल्या आहेत? आणि मी करणार आहे तो बदल परत फिरवता येईल का? हँडल, सीट, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या यांतले बदल परत फिरवता येतात, फक्त काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. चासीचं शेपूट कापलं, नंबर घासला किंवा कारखान्याचा मूळ रंग खरवडला, तर ते परत आणता येत नाही. हजारांनी बनलेल्या कॅलिफोर्नियावर खुशाल हात चालवावा. दीडशेतल्या एखाद्या गाडीचं मात्र तेल बदलावं, टायर बदलावेत, आणि पाना खाली ठेवावा.