प्रोसेसर मागवण्याआधी कॅबिनेट उघडा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली आणि पालघर-बोईसर पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांत एकच प्रश्न फिरू लागला: प्रोसेसर आत्ता बदलायचा की थांबायचं? मी तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी पायपिंगची ड्रॉइंग करतो. संगणकातलं थोडं कळतं, एवढ्या भांडवलावर ओळखीची मंडळी मला विचारतात. सल्ला फुकट असल्याने ती ऐकतातच असं नाही.

पालघरला कचेरीच्या बाजूला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवणारा माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे सातव्या पिढीचा आय५-७४००, एच११० चा मदरबोर्ड. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते हे त्याने वाचलं. आठव्या पिढीच्या आय५-८४०० चं सॉकेट ११५१, त्याच्या बोर्डाचंही ११५१. जुन्या बाजारातून त्याने तो मागवला, बसवला. अगदी नीट बसला. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन मात्र काळीच. दोन दिवस त्याने रॅम काढून घातली, केबल बदलल्या, मग मला फोन केला.

बिघाड काहीच नव्हता. सहाव्या-सातव्या पिढीचं ११५१ आणि आठव्या-नवव्या पिढीचं ११५१ आकाराने एकच, पण आतली वीजजोडणी वेगळी. काही पिनांना इंटेलने नवी कामं दिली आणि नव्या पिढीसाठी ३०० मालिकेचे चिपसेट सक्तीचे केले. विकणाऱ्यानेही फसवलं नव्हतं. प्रोसेसर चालू होता, फक्त या बोर्डावर चालणार नव्हता. मित्राच्या बोर्डाची झेप जास्तीत जास्त आय७-७७०० पर्यंत, आणि तोही सातव्याच पिढीचा, म्हणजे विंडोज ११ ची अडचण जिथल्या तिथे. प्रोसेसर बदलावा का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. बोर्ड, रॅम, प्रोसेसर असा सगळा संच घ्यायचा, नाहीतर काहीच घ्यायचं नाही. त्याने दुसरा रस्ता धरला. ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची वाढीव मुदत आहे, तिच्यात नाव नोंदवलं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकली. आता ‘सर्व्हर डाउन’ हे एकच कारण ग्राहकांना सांगावं लागतं, ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ हे सांगावं लागत नाही.

म्हणून कुणी विचारलं की मी आधी बोर्डाचं नाव विचारतो. ते माहीत नसतं. माहीत असतं ते ‘आय५ आहे’ एवढंच. आय५ तर २००९ पासून आहे! बोर्डावर छापलेलं नाव बघा, कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाची प्रोसेसरची यादी असते ती काढा, आणि यादीत शेजारी बायोसची कुठली आवृत्ती लागते तेही वाचा. या अर्ध्या तासात बहुतेकांचा निर्णय होऊन जातो.

माझ्या बोईसरच्या भाच्याचं याच यादीने भलं झालं. त्याच्याकडे एएमडीचा रायझन ३ २२००जी आणि बी४५० चा बोर्ड. एएमडीने एएम४ हे सॉकेट अनेक वर्षं टिकवलं, त्यामुळे त्याच बोर्डावर नंतर आलेले ५००० मालिकेचे प्रोसेसरही चालतात. तो रायझन ५ ५६०० घेणार होता. मी म्हटलं, “अरे, तुझ्याकडे ग्राफिक्स कार्ड कुठे आहे?” ५६०० मध्ये चित्र दाखवायची सोयच नाही, शेवटी ‘जी’ असलेला ५६००जी हवा. त्या एका अक्षरावर त्याचा गणपतीपर्यंतचा खोळंबा टळला. मात्र बायोस अपडेट जुना प्रोसेसर काढण्याआधीच करायचं होतं, आणि ते चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्याकडे जून-जुलैत वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. “मामा, पाच मिनिटांचं तर काम आहे,” असं तो म्हणत राहिला. मी शेजारच्या ऑफिसातला यूपीएस मागून आणायला लावला.

आता माझ्या स्वतःच्या मशीनबद्दल. मोठं आयसोमेट्रिक ड्रॉइंग उघडलं की ते अडखळायचं. दुकानदार म्हणाला, जास्त कोअरचा घ्या. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचा वापर जेमतेम २५ ते ३० टक्के दिसे, तेव्हा कुणालाही वाटेल की प्रोसेसर निवांत आहे. पण चार कोअरपैकी एकच कोअर पूर्ण भरला की आकडा २५ च दिसणार. ऑटोकॅडचं रोजचं काम बहुतांशी एकाच कोअरवर चालतं. रेंडरिंग, व्हिडिओ अशा कामांना कोअर वाढवून फायदा होतो. माझ्या कामाला एका कोअरचा वेग लागतो. टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा बघता येतो. तो बघितला आणि खाली मेमरी व डिस्कचे आकडे बघितले. आठ जीबी रॅम काठोकाठ भरलेली, उरलेला भार हार्ड डिस्कवर, डिस्क शंभर टक्क्यांवर. प्रोसेसर वाट बघत बसलेला. रॅम सोळा जीबी केली, एसएसडी टाकली, आणि तक्रारीचा मोठा भाग संपला.

उरलेला भाग धुळीचा होता. चिंचणी-तारापूरकडचा खारा वारा, एमआयडीसीतल्या रसायनांच्या वाफा, कापड गिरणीजवळ ऑफिस असेल तर तंतू. कूलरच्या पात्यांमध्ये याचा नमदा बसतो. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेले की स्वतःच वेग कमी करतात. मालकाला वाटतं मशीन म्हातारं झालं. कूलर काढून साफ करा, थर्मल पेस्ट नवी लावा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. आमच्या हवेत हे वर्षातून एकदा करावंच लागतं. यानंतरही मशीन रडत असेल तरच नव्या प्रोसेसरची भाषा करावी.

थांबण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. जाहीर झालेल्या, विक्रीची तारीख ठरलेल्या वस्तूसाठी महिना-दीड महिना थांबा. नवी पिढी आली की मागची स्वस्त होते. ‘पुढचा फार भारी येणार आहे’ या बातमीवर थांबू नका, कारण तशी बातमी बारा महिने असते. आणि थांबलं की सगळंच स्वस्त होतं हेही खरं नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाने होणारी किरकोळ ग्राहकांची विक्री बंद करण्याचं जाहीर केलं. प्रोसेसर उतरेल म्हणून थांबलेल्यांचे त्यात वाचलेले पैसे रॅममध्ये गेले. एएमडीचं एएम५ फक्त डीडीआर५ घेतं, म्हणजे जुनी डीडीआर४ रॅम तिथे उपयोगाची नाही. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या काही बोर्डांवर डीडीआर४ चालते. हातात चांगली रॅम असेल तर सध्या हा मोठा मुद्दा आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा जुना प्रोसेसर कुणी देत असेल तर मात्र सावध राहा. २०२४ मध्ये त्यांच्यातला जास्त व्होल्टेजचा दोष उघड झाला. इंटेलने ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षं वाढवून पाच केली. मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही.

जुनं मशीन भंगारात देऊ नका. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे १९६९ चे पहिले दोन संच मूळ २१० मेगावॅटचे. त्यांची क्षमता १६० वर आणून ते पुढे अनेक वर्षं चालवले. माझा आधीचा संगणक तसाच इंटरनेटची केबल काढून प्लॉटरला जोडला आहे.

खरेदी लॅमिंग्टन रोडच्या बाजारात केलीत तरी आणि इथेच केलीत तरी पक्कं बिल घ्या. फर्मच्या नावावर, जीएसटी क्रमांकासह घेतलं तर १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळतं. बॉक्सचा प्रोसेसर आहे की सुटा ट्रेचा, हे विचारा. ट्रेच्या मालाला कंपनीची थेट वॉरंटी नसते, दुकानदाराचीच असते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. थर्मल पेपरवरचं बिल असेल तर त्याची लगेच झेरॉक्स काढा, आमच्या दमट हवेत वॉरंटी संपायच्या आधी अक्षरं उडतात.