स्वभावाला औषध असतं का?

प्रश्न : माझ्या नणंदेच्या मुलीला (वय 22) 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' असल्याचं मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. सासूबाई म्हणतात लाडाने बिघडली, स्वभावाला औषध नसतं. नणंद स्वतःलाच दोष देत बसते. हे होतं कशामुळे?

उत्तर : चिडका नाहीतर संशयी माणूस प्रत्येक घरात एखादा असतोच, त्याला कुणी पेशंट म्हणत नाही. तीच तऱ्हा वर्षानुवर्षं घरात, मैत्रीत, नोकरीत सगळीकडे आड यायला लागली, की तो विकार. बॉर्डरलाइनमध्ये 'आपल्याला सोडून जातील' ही धास्ती कायम मानगुटीवर बसलेली असते. मेसेजवर निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही, एवढंही पुरतं. सकाळी जिवाभावाची असलेली मैत्रीण संध्याकाळी वैरीण होते. काही जण स्वतःला इजाही करून घेतात. त्याला 'नाटकं' म्हणून झटकू नका.

कारणांबद्दल मला पटते ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची मांडणी. काही मुलं जन्मतःच अशी की पटकन पेटतात आणि उशिरा विझतात. त्यात "एवढ्याशा गोष्टीला रडतात का?" हेच कानावर पडत राहिलं, की भावना सावरायला ती शिकतच नाहीत, आकांत केला तरच कुणी बघतं, एवढं मात्र शिकतात. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा दिसतो. बालपणीचा छळ, लैंगिक अत्याचार, हेळसांड यांनी धोका वाढतो. पण यातलं काहीच न घडलेल्यांनाही हा विकार होतो. तेव्हा निदानावरून नणंदेच्या संसाराची झडती घेऊ नये. आणि लाडांवर तर मुळीच खापर फोडू नये.

सासूबाईंचं एवढंच खरं, की यावर खास अशी गोळी नाही. गोळ्या देतात त्या सोबतच्या नैराश्यासाठी वगैरे. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा. लिनेहन यांनी त्यासाठी 'डीबीटी' ही पद्धत घडवली. त्यात भावनांचा कल्लोळ उठला की श्वास रोखून गार पाण्यात तोंड बुडवायलाही शिकवतात, त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.) सतराव्या वर्षी आपण स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होतो, हे बाईंनी 2011 साली जाहीरपणे सांगितलं.

दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत बहुतेक रुग्ण निदानाच्या निकषांत बसेनासे झाले. नोकरी आणि नाती रुळावर यायला मात्र जास्त वेळ लागतो. भाचीच्या डॉक्टरांना डीबीटी शिकलेल्या समुपदेशकाचं नाव विचारा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा तिच्या तोंडी आली, तर तिला एकटं सोडू नका. टेली-मानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन रात्रीही चालू असते.