जखमी माशाची शुश्रूषा

काचेच्या पेटीत संथपणे विहरणारे मासे पाहून मन निवते. पण ही शांतता नेहमीच खरी असते असे नाही. एखाद्या सकाळी एंजल माशाचे लांब, दोऱ्यासारखे पर कुरतडलेले दिसतात. तो एका कोपऱ्यात निश्चल उभा असतो आणि पट्टेरी टायगर बार्ब मात्र निर्धास्तपणे फिरत असतात.

बार्बना दुष्ट ठरवण्यात अर्थ नाही. हा थव्याने राहणारा मासा आहे. थव्यात एकमेकांचा पाठलाग करून ते आपापला क्रम ठरवतात. दोन-तीनच आणून सोडले, तर हाच पाठलाग शेजारच्या संथ, लांब परांच्या माशाच्या वाट्याला येतो. हद्दीचे रक्षण, वीण, अन्नासाठीची चढाओढ हीही भांडणाची कारणे असतात. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कॉनराड लोरेन्झ यांनी मत्स्यालयातील रंगीत प्रवाळमाशांचे निरीक्षण करून लिहिले आहे, की हे मासे परक्यांपेक्षा स्वजातीयांवरच अधिक त्वेषाने तुटून पडतात. मोकळ्या पाण्यात हरलेला मासा पळून जातो आणि भांडण तेथेच मिटते. पेटीत पळायला जागाच नसते. म्हणून तेथील भांडण जीवघेणे ठरू शकते, आणि त्याची जबाबदारी मासे एकत्र ठेवणाऱ्या माणसावर येते.

जखमी माशाला प्रथम वेगळे करावे. जाळीने धरल्यास त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. त्यापेक्षा त्याला पाण्यासह भांड्यात घ्यावे. हा थर म्हणजे माशाचे चिलखतच. तो फाटला की जिवाणूंना आणि बुरशीला वाट मिळते. एका माशासाठी वीस लिटरची साधी टाकी पुरते. तीत मूळ पेटीतले पाणी घालावे, हवेचा पंप लावावा आणि तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस राखावे. उत्तर भारतातील थंडीत त्यासाठी हीटर हवाच. उजेड मंद असावा. लपायला एखादे स्वच्छ खापर ठेवले तरी चालते.

पुष्कळ लोक लगेच औषधाची बाटली उघडतात. खरे औषध मात्र स्वच्छ पाणी हेच होय. माशाच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो आणि नव्या टाकीत त्याचे रूपांतर करणारे उपकारक जिवाणू अद्याप नसतात. म्हणून रोज सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. एक लिटर पाण्याला एक ग्रॅम या प्रमाणात खडेमीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून हळूहळू मिसळता येते. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. त्यामुळे पुढे जेवढे पाणी बदलले, तेवढ्यापुरतेच मीठ घालावे. अन्न थोडे द्यावे व उरलेले काढून टाकावे.

पर बुंध्याशी शाबूत असेल, तर तो काही आठवड्यांत पुन्हा वाढतो. नवा भाग आधी काचेसारखा पारदर्शक असतो. ही चांगली खूण. जखमेवर कापसासारखे पुंजके आले, तर ती बुरशी समजावी. परांच्या कडा झिजत बुंध्याकडे सरकू लागल्या, तर जिवाणूंचा संसर्ग झाला असण्याचा संभव असतो. अशा वेळी त्या त्या रोगाचे औषध द्यावे, तेही जखमी माशाच्या टाकीतच. कारण काही औषधे मूळ पेटीतले उपकारक जिवाणूही मारतात.

मासा बरा झाला, तरी भांडणाचे कारण तसेच असते. दगड-वनस्पतींची मांडणी बदलली, की जुन्या हद्दी मोडतात. मग दिवा मालवून मासा परत सोडावा. बार्बांचा थवा मोठा केल्यानेही त्यांचा उपद्रव कमी होतो. तथापि एंजल आणि टायगर बार्ब ही जोडी मुळातच विजोड आहे. एकाची सोय दुसऱ्या पेटीत करणे हाच खरा उपाय.

शब्दार्थ : शुश्रूषा – सेवा, देखभाल; पर – माशाचा पंख; त्वेष – आवेश; शाबूत – अखंड; विजोड – न जुळणारी.

पाठावर आधारित प्रश्न
१. मोकळ्या पाण्यातील आणि पेटीतील भांडणात कोणता फरक असतो?
२. जखमी मासा जाळीने का पकडू नये?
३. ‘खरे औषध मात्र स्वच्छ पाणी हेच होय’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.