पाप ब्रॅकेटचं, नाव बॅकलॅशचं

लेथला डीआरओ, म्हणजे डिजिटल रीडआउट, बसवून झाला, माप काही जुळेना, आणि बसवणारा म्हणाला, ‘साहेब, तुमच्या मशीनलाच बॅकलॅश आहे,’ तर त्याला तिथल्या तिथे अडवा. डीआरओचं स्केल स्क्रू मोजत नाही, स्लाइड मोजतं. स्क्रू-नटात अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई, म्हणजेच बॅकलॅश, असली, तरी स्लाइड जितकी सरकेल तितकाच आकडा सरकला पाहिजे. टूलच्या जोरानं स्लाइड मागे ढकलली गेली, तर तेही स्क्रीनवर दिसलंच पाहिजे. नाहीतर एवढा खर्च करायचा कशासाठी? हे सगळं मी त्या फिटरला माझ्याच गॅरेजमध्ये सांगितलं. तो हसला. ‘एवढी वर्षं हेच काम करतोय मी,’ म्हणाला, आणि पान्यांची पिशवी उचलून निघाला.

माझा बेंच लेथ 210 मिलिमीटर स्विंगचा, तोही नवाकोरा. त्यावर मी वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स करतो, तिथे पिस्टनला मिलिमीटरचे दोन-तीन शतांश कमी-जास्त झाले की तो भंगारात. हँडल एकाच दिशेनं फिरवत गेलो तर व्यास बरोबर यायचा. आकडा चुकून ओलांडला आणि हँडल उलटं फिरवून परत त्यावर आणलं, की जॉब बिघडलाच.

शेवटी मशीन बंद ठेवून डायल गेज क्रॉस स्लाइडला टेकवला. हँडल उलटं फिरवलं. आधी स्क्रूची ढिलाई गेली, तोवर गेजही गप्प आणि डीआरओही गप्प, इथपर्यंत ठीक. मग गेजचा काटा हलायला लागला: एक शतांश, दोन, तीन. डीआरओ ढिम्म! तीन शतांशांनंतर तो जागा झाला. व्यासाच्या मोडमध्ये हीच चूक दुप्पट, म्हणजे सहा शतांश. मग हँडल सोडून दिलं आणि रीडिंग हेडच्या ब्रॅकेटवर नुसता अंगठा दाबला. स्लाइड जागच्या जागी, आणि स्क्रीनवरचे आकडे माझ्या अंगठ्याबरोबर वर-खाली!

ब्रॅकेट म्हणजे काय, तर दोन मिलिमीटरची अॅल्युमिनियमची पट्टी, वाकवून एल केलेली, खाली वॉशरची चळत. स्केलच्या तोंडाशी रबरी ओठ असतात, त्यात हेड थोडं धरलं जातंच; त्यात स्केलही तिरकं बसवलेलं. दिशा बदलली की आधी पट्टी वाकायची, मग हेड हलायचं.

फिटरला याचा व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘हात लावल्यावर हलणारच ना साहेब.’ त्यानंतर फोन उचलणं बंद. बरं, क्रॉस स्लाइडचं स्केल बसवलं टेलस्टॉकच्या बाजूला, थेट सॅडलच्या लॉक बोल्टवर. फेसिंग करताना सॅडल लॉक कसं करायचं, असं विचारलं तर म्हणाला, ‘आता डीआरओ आहे, लॉक कशाला लागतो?’

भोसरीतल्या एका जॉबवर्कवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीचा माइल्ड स्टीलचा आखूड ब्रॅकेट मिलिंग करून आणला, बसवला आणि तो तीन शतांशांचा घोळ गेला. बॅकलॅश होता तेवढाच आहे.

तुम्ही बसवून घेणार असाल तर भोकं पाडण्याआधी स्केल नुसतं हातानं धरून दोन्ही स्लाइड पूर्ण फिरवून बघा. लॉक बोल्ट, टेलस्टॉक, गार्ड, सगळं मोकळं राहतंय का? काचेच्या स्केलची बॉडी मोजायच्या लांबीपेक्षा शंभर मिलिमीटरहून जास्त लांब असते आणि ती कापता येत नाही. ऑर्डर देण्याआधी हे मोजा. जागाच नसेल तर मॅग्नेटिक घ्या, त्याची टेप कापता येते, पण डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड तिच्याजवळ नेऊ नका. स्केल समांतर आहे की नाही ते डोळ्यांनी ठरवू देऊ नका. सॅडलवर डायल गेज लावून स्केलच्या बॉडीवरून आडवा आणि उभा, दोन्हीकडून फिरवायला लावा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दशांशाच्या आत फरक हवा. हेड धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या क्लिपा सगळं घट्ट झाल्यावरच काढायच्या. माझ्या फिटरनं त्या खोका उघडताच कचऱ्यात टाकल्या होत्या. ओठ खाली किंवा मागे, चिप्स उडतात तिकडे तोंड नको. क्रॉस स्लाइडला एक मायक्रॉनचंच स्केल घ्या. पाच मायक्रॉनच्या स्केलवर व्यास दहा-दहा मायक्रॉनच्या उड्या मारत बदलतो. केबल ओढली जाणार नाही इतकी सैल ठेवा, अर्थिंग तपासा, मॅन्युअल वाचा, वगैरे.

पैसे मात्र पूर्ण आधी देऊ नका. ‘फिटिंग फ्री’ असेल तर फारच सावध. फिटरसमोर डायल गेज लावा, हँडल उलटसुलट फिरवा, ब्रॅकेट अंगठ्यानं दाबून बघा, आणि मगच सही करा. तो घाईत असेल तर असू दे. आणि दोनच अक्षांचा डीआरओ घेतला असेल तर कंपाउंड स्लाइड लॉक करून ठेवा. ती सरकली तर स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि मग खरोखरच मशीनला दोष द्यायला फिटरला जागा मिळते.