ओव्हन आला, कच्च्या मांसाची जागा गेली

आखाडातला शेवटचा रविवार झाला की सोमवार-मंगळवारी दवाखान्याच्या बाकावर पोट धरून बसलेली माणसे हमखास दिसतात. श्रावणापूर्वी हौस भागवून घेण्याची आपली रीत जुनीच आहे, आणि जास्त खाऊन पोट दुखले तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नाही. पण काही वर्षांपूर्वी अशाच एका मंगळवारी नेसरीतल्या एकाच घरातली तीन माणसे आली. सूनबाई, नातू आणि आजी. जुलाब तिघांनाही होते, पण सर्वांत जास्त गळाठली होती ती माळकरी आजी. "डाक्टर, माझ्या गळ्यात माळ हाय. मटणाचं भांडंबी मी शिवत न्हाई. मग मला कसं झालं?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

प्रश्न बिनतोड होता. चौकशी केली तेव्हा कळले की मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाने विजेचा ओव्हन आणला होता आणि रविवारी अख्खी कोंबडी भाजण्याचा बेत झाला होता. कट्टा जेमतेम सहा फुटांचा. त्यावर गॅसची शेगडी, मिक्सर आणि पाण्याचा फिल्टर आधीपासून ठाण मांडून बसलेले. ओव्हनला जागा दिली ती भाजी चिरायच्या कोपऱ्यात. मग कोंबडीला चिरा देण्याचे काम मोरीलगतच्या फळीवर झाले, आणि ती फळी नुसती पाण्याने विसळून तिच्यावरच काकडी चिरली गेली. आजींनी भाकरी, आमटी आणि ती काकडीची कोशिंबीर खाल्ली होती.

कोंबडीवरचे जंतू ओव्हनच्या आचेने बहुतांशी मेले. काकडीला मात्र आच लागलीच नाही. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. पहिल्याचा त्रास बहुधा सहा तासांपासून तीन दिवसांत सुरू होतो, दुसऱ्याचा दोन ते पाच दिवसांत. आम्ही शौचाचा नमुना तपासायला पाठवला नव्हता, म्हणून जंतूचे नाव मी सांगणार नाही. पण मांस न खाणारी व्यक्तीच सर्वांत आजारी पडते, तेव्हा संशय फळीवर जातो.

आजींना सलाईन लावावे लागले. म्हाताऱ्या माणसांच्या आणि लहान मुलांच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते. औषधाच्या दुकानातली जलसंजीवनीची पुडी उत्तम. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणे किंवा गुंगी दिसली तर घरी थांबू नये.

आता भाजण्याकडे वळू. आपल्या कोल्हापूरकडे मटण करण्याची पद्धत पाहिली तर आपल्या आज्या-पणज्यांचे कौतुक वाटते. आधी हळद-मीठ लावून मटण आळणी शिजवायचे, ते पाणी मुलांना प्यायला द्यायचे, मग तांबडा, पांढरा आणि सुके. म्हणजे मसाला पडण्याआधीच मांस आतपर्यंत शिजलेले असे. कुकरमध्ये तर उष्णता १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वरून झाले आणि आत कच्चे राहिले, हा धोका या पद्धतीत जवळजवळ नाहीच.

भाजण्यात तो आहे. ओव्हनची कळ १८० अंशांवर ठेवली तरी ते तापमान आतल्या हवेचे असते. मांसाचा बाहेरचा भाग सुकतो, लालसर होतो, खमंग वास सुटतो आणि घरातली माणसे ताटे घेऊन बसतात. त्या वेळी मांडीच्या हाडाजवळ मांस पुरते तापलेले असेलच असे नाही. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश उष्णता पोहोचली पाहिजे. खिम्याचे कबाब असतील तर ७१, कारण अख्ख्या तुकड्याच्या पृष्ठभागावर असणारे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळले जातात. मटणाच्या अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि नंतर तीन मिनिटे थांबणे पुरते असे शास्त्र सांगते. अर्थात आपल्या बोकडाचे मटण ६३ अंशांवर दाताला चिवटच लागणार. ते मऊ होईपर्यंत भाजले तर ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. गरोदर स्त्रियांनी मात्र आतून गुलाबी राहिलेले मटण मुळीच खाऊ नये. त्यातून होणारा टॉक्सोप्लाझ्मोसिस पोटातल्या बाळाला बाधतो.

हे अंश मोजायला मांसात खुपसायचा, धातूच्या सुईचा थर्मामीटर मिळतो. टोक जाड भागात, पण हाडाला न टेकवता ठेवावे. ताप मोजायचा थर्मामीटर त्यासाठी वापरू नये. त्याचे आकडे ४२ अंशांच्या आसपास संपतात आणि काचेचा असला तर तो तडकेल. थर्मामीटर नसेल त्यांना माझा सल्ला जुनाच. मटण आधी कुकरमध्ये शिजवा, मग लगेच ओव्हनमध्ये किंवा इंगळावर रंग येईपर्यंत भाजा. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा. सकाळी अर्धवट वाफवून ठेवायचे आणि संध्याकाळी भाजायचे, हे चालणार नाही.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते. कोंबडी अर्धी भाजली असताना वीज गेली, तर 'येईल आता' म्हणून ती ओव्हनमध्ये ठेवू नका. कोमट ओव्हन ही जंतूंची उबवणीच. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते झपाट्याने वाढतात. तेव्हा सरळ बाहेर काढावी, तुकडे करावेत आणि गॅसवर पातेल्यात पुरती शिजवावी. रस्सा होईल, बेत फसेल, पण आजार टळेल. शिजलेले मांससुद्धा दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर तासाभरातच फ्रिजमध्ये जावे.

मायक्रोवेव्हबद्दल थोडेच सांगतो. त्याच्या लहरी मांसात दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात, पुढची उष्णता हळूहळू आत झिरपते. मोठा तुकडा एका जागी उकळता आणि दुसरीकडे गार राहतो. उरलेले गरम करायला तो चांगला, अख्खी कोंबडी करायला नव्हे.

इंगळावर भाजलेल्या कलेजीची चव मी नाकारणार नाही. पण कलेजीसुद्धा मधोमध कापून पाहावी, आत लाल ओल नसावी. खाटकाकडून आणलेल्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या फोडासारखी गाठ दिसली तर ती कुत्र्याला टाकू नये. ती बहुधा एका जंताची गाठ असते. कुत्र्याच्या पोटात तो जंत वाढतो आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या पोटात येऊन यकृतात तशाच गाठी करतात. असा भाग जाळावा किंवा कुत्रे उकरणार नाही इतका खोल पुरावा.

चरबी इंगळावर ठिबकून जो धूर उठतो त्यात आणि काळ्या करपलेल्या भागात कर्करोगाला मदत करणारी द्रव्ये असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले, त्यात आपले बोकडाचे मटणही आले. कधीमधी खाणाऱ्याने घाबरून जाऊ नये, करपलेला भाग मात्र काढून टाकावा. खरी भीती वेगळी आहे. बाहेर पाऊस म्हणून कोळशाची शेगडी दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत आणणे जिवावर बेतते. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. शेगडी परड्यात, छपराखाली, मोकळ्या हवेत.

राहिला जागेचा प्रश्न. नवीन यंत्र घरात येण्याआधी सर्वांत पहिली जागा ठरवावी ती कच्च्या मांसाची, यंत्राची नंतर. मांसासाठी वेगळी फळी आणि वेगळी सुरी, शक्यतो रंगाने ओळखू येणारी. कोंबडी नळाखाली धुऊ नये, तिचे शिंतोडे हातभर उडतात. न धुता शिजवा म्हटले तर कोणी ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा निदान खोल पातेल्यात, हलक्या हाताने, जवळ दुसरे काही न ठेवता धुवावी. नंतर मोरी आणि हात साबणाने धुवावेत. दही-मसाला लावलेले मांस फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात, थाळ्यात झाकून ठेवावे. आणि ज्या ताटातून कच्चे तुकडे इंगळाकडे गेले, त्याच ताटात भाजलेले परत आणू नयेत. परड्यातल्या पार्टीत ही चूक मी स्वतः केलेली आहे.

ओव्हन कट्ट्यावरच हवा असे कोठे आहे? भक्कम टेबलावर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवावा, वर प्लास्टिकचे डबे रचू नयेत. १५०० वॉटचा ओव्हन २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर वीज ओढतो. साधा छोटा प्लग सहा अँपिअरचा. म्हणून १६ अँपिअरचा मोठा तीन पायांचा प्लग, स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग हवे. मिक्सर आणि ओव्हन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेले मी पाहिले आहेत. बोर्ड हाताला गरम लागत होता आणि घरातल्यांना त्याचे काही वाटत नव्हते.

त्या माळकरी आजींच्या घरी पुढे मी रक्तदाब तपासायला गेलो होतो. ओव्हन सोप्यात टेबलावर गेला होता, मोठा प्लग नवा बसवला होता. आजींची विळी वेगळ्या खुंटीला टांगलेली होती, आणि रविवारची कोशिंबीर घरात कोंबडी यायच्या आधीच करून, झाकून ठेवण्याचा नियम त्यांनी सुनेला घालून दिला होता.