नोंद कोणी केली, ते आधी विचार

हर्सूल,
छत्रपती संभाजीनगर

चि. समीर,

पीएचडीचा प्रवेश पक्का झाल्याचं ताईकडून कळलं होतं. विषय काय ते तुझ्या मेलवरून कळलं. रुग्णालयांच्या नोंदींवरून आजारांचे आणि खर्चाचे अंदाज बांधायचे, असं तू लिहितोस. विभाग व्यवस्थापनशास्त्राचा आणि डेटा आरोग्याचा, त्यामुळे डॉक्टर मंडळी तुला बाहेरचा समजतील आणि बिझनेस अ‍ॅनालिटिक्सवाले म्हणतील हा दवाखान्यांच्या नादी लागला, अशी तुला धास्ती आहे. आधी पायथन पक्कं करू की साथरोगशास्त्र वाचू, असंही विचारलंयस. पायथन तुमच्या पिढीला आमच्यासारख्यांनी सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात सांख्यिकी सहायक म्हणून नोकरी केलेल्या मावशीकडे सांगण्यासारखं वेगळंच काही आहे, तेवढंच लिहिते.

तुझ्या हाती येणारा डेटा तुझ्यासाठी कोणी लिहिलेला नसतो. उपकेंद्रातली आरोग्यसेविका रजिस्टर भरते ती महिनाअखेरच्या अहवालासाठी. दवाखान्यातला बिलिंग क्लार्क भरतो तो बिलासाठी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णाच्या कागदावर पॅकेजचं नाव येतं, कारण पैसे त्या नावावर मिळतात. एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंध येणाऱ्या रुग्णाची, नोंद नीट होते, कारण उद्या पोलीस आणि कोर्ट ती मागणार असतात. प्रत्येक नोंद कोणाला तरी जाब देण्यासाठी केलेली असते, आणि जाब विचारणारा बदलला की नोंदीची तऱ्हाही बदलते.

याच्या खुणा डेटात दिसतात, फक्त बघायची सवय हवी. नवजात बाळांच्या वजनाचा आलेख काढ. बरोबर अडीच किलोवर सुळका उभा दिसला तर दचकू नकोस. त्याखालचं बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं आणि त्याच्यामागे पाठपुरावा लागतो. रक्तदाबाच्या रकान्यात १२०/८०ची रांग लागलेली असेल, वयं ३०, ३५, ४० अशी टप्प्याटप्प्याने बसलेली असतील. आणि शून्याला तर फार जप. कार्यालयं ‘निरंक’ लिहितात तेव्हा काही घडलं नाही असा अर्थ असतो. रकाना कोरा असतो तेव्हा कोणी पाहिलंच नाही असाही अर्थ असू शकतो. एक्सेलमध्ये चढवताना कोणीतरी दोन्हींचा शून्य करून टाकतो, आणि मग ज्या गावात आरोग्यसेविकेचं पद वर्षभर रिक्त होतं ते गाव जिल्ह्यातलं सगळ्यात निरोगी ठरतं.

आता तुझ्या धास्तीकडे येते. धंद्याचा हिशेब आणि आजाराची नोंद या दोन वेगळ्या विद्या आहेत असं तुला वाटतंय. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याने ते खोटं ठरवलंय. २०१९मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून गदारोळ झाला. तीन वर्षांत ९९ खाजगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याची माहिती विधिमंडळात दिली गेली. पुढे या प्रकरणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या काळात जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१५-१६ साली, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होतं.

यातले ४,६०५ आणि १३,८६१ हे दोन आकडे शेजारी ठेव. वर्तमानपत्रांनी ते एकमेकांच्या जागी वापरले असते तरी वाचकाला पत्ता लागला नसता. पहिला आकडा शस्त्रक्रियांचा, ठरावीक काळातला, ठरावीक रुग्णालयांनी कळवलेला. दुसरा माणसांचा, आयुष्यात कधीतरी झालेल्या शस्त्रक्रियेचा, सर्वेक्षणात विचारून आलेला. पहिल्याला छेदच नाही. दुसऱ्याला आहे, म्हणून तो बोलका आहे. तरीही सतरा आणि तीन यांची थेट तुलना करण्याआधी दोन्हीकडचे वयोगट तपासायलाच हवेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या बायकांची शस्त्रक्रियेची कागदपत्रं कितीही चाळलीस तरी त्यांत कारण म्हणून पोटदुखी, अंगावरून जाणं, गाठ असंच सापडणार. काही जणींना डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली होती. आणि कागदावर न येणारी एक गोष्ट मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत होती. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्यावर घेतलेली उचल, आणि कामाचा दिवस बुडाला की बसणारा खाडा. पाळीच्या दिवसांत, दुखण्यात दिवस बुडाला तर दंड. फडावर ना संडास, ना आडोसा. एकदाची कटकट जाऊ दे, असं त्या बायकांना का वाटलं ते या वहीशिवाय कळत नाही. कारण हिशेबाच्या वहीत आणि परिणाम दवाखान्याच्या रजिस्टरात, अशी ही विभागणी आहे. निव्वळ डॉक्टर दुसरं वाचेल, निव्वळ व्यवस्थापनवाला पहिलं. दोन्ही वाचणारा माणूस हवा आहे, आणि तुझी जागा तिथेच आहे. तेव्हा बाहेरचा ठरण्याची भीती सोडून दे.

मात्र पैशाचा आकडा वाचता येतो म्हणून त्यालाच आजाराचं माप समजू नकोस. तुझ्या प्रांतातली ही सगळ्यात मोठी घसरडी जागा. अमेरिकेतली रुग्णालयं आणि विमा कंपन्या एक अल्गोरिदम वापरत होत्या. कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष द्यायचं ते तो ठरवायचा. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवून दिलं की तो आजारपणाचा नव्हे, खर्चाचा अंदाज बांधत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच आजारासाठी कमी पैसा खर्च होत होता, म्हणून यंत्राने त्यांना कमी आजारी ठरवलं. ही चूक काढली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७वरून ४६.५ टक्क्यांवर जातो, असं त्यांचं गणित होतं. आता हेच आपल्याकडे लावून बघ. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने गावच्या दवाखान्यात फिरकत नाही. दाखल व्हायला पैसे नाहीत म्हणून जो घरीच झोपून राहतो त्याचा खर्च शून्य. तुझं मॉडेल या लोकांना ठणठणीत म्हणेल, आणि अचूकतेची टक्केवारीही उत्तम दाखवेल.

आपल्या शहराचं म्हणशील तर घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणी, बुलडाण्यापासून माणसं येतात. तिथले रुग्ण मोजून त्यांना शहराच्या लोकसंख्येने भागलंस तर उत्तर येईल, पण ते कुठल्याच गावाचं नसेल. हर्सूल तलावाचं पाणी जुन्या शहराच्या काही भागाला जातं, बाकीच्या मोठ्या भागाची तहान जायकवाडीवर, आणि नळ नाही तिथे टँकर. जुलाब-उलट्यांचे रुग्ण वॉर्डावार मांडून कारण शोधत बसण्यापेक्षा पाणी कुठून येतं त्यानुसार मांडलेले बरे, हे इथे राहणाऱ्या कोणालाही सुचेल. दिल्लीत किंवा बोस्टनमध्ये बसून फाइल उघडणाऱ्याला कसं सुचणार? तेव्हा प्रश्न मांडण्याआधी जागा बघून ये.

मूळ नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही लेखाखाली नाव घालू नकोस, मग मार्गदर्शक कितीही मोठे असोत. २२ मे २०२० रोजी ‘लॅन्सेट’मध्ये कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक निबंध आला. ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ रुग्ण. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. डेटा सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीचा होता. शंका येऊ लागल्या तेव्हा स्वतंत्र तपासणीसाठी कंपनीने तो द्यायला नकार दिला, आणि ४ जूनला तीन सहलेखकांनी निबंध मागे घेतला. नावाजलेले डॉक्टर होते ते. गणित त्यांना येत होतं, पण रुग्णालयाचं एकही रजिस्टर त्यांनी उघडलेलं नव्हतं.

याच्या उलट काम कसं असतं ते बघायचं तर बार्शीला जा. देशाच्या ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी तिथे १९८७मध्ये सुरू झाली. खेड्यातला रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येणार नाही हे गृहीत धरून तिथल्या माणसांनी बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतल्या गावोगावी फेऱ्या घातल्या. पुढे धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही चाचणीसाठी नेमलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, आणि तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. हा फरक दिसायला जवळजवळ दहा वर्षं लागली. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तो वाद दोन्ही बाजूंनी वाच. अभ्यासाच्या पद्धतीइतकाच तोही तुझ्या अभ्यासक्रमाचा भाग आहे.

डेटा वापरण्याची परवानगी ही सोपी गोष्ट समजू नकोस. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, ती वापर, पण तिच्या आड लपू नकोस. नाव खोडलं म्हणजे माणूस लपला असं मोठ्या शहरात कदाचित होत असेल. ‘हर्सूल, स्त्री, ३४, शिक्षिका’ एवढं लिहून पुढे आजार लिहिलास की इथली अर्धी गल्ली तिला ओळखेल. आणि नाही म्हणण्याची सोय नसलेल्या माणसाची संमती ही संमती नव्हे. आमच्या इथल्या मध्यवर्ती कारागृहातल्या बंद्यांचा डेटा मिळाला तर तो आयता, एकगठ्ठा आणि नीटनेटका असेल; पण त्यांना नाही म्हणण्याची सोय नसते, म्हणूनच आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदिवानांसाठी वेगळी काळजी सांगितली आहे. मुकादमाच्या समोर सही करणारी बाई त्याहून फार वेगळी नसते.

पेपर छापायची घाई करू नकोस. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने नोव्हेंबर २०२२च्या नियमांत काढली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय ते विचारून घे, पण पैसे भरून आठवड्यात छापून देणाऱ्या जर्नलांच्या वाटेला जाऊ नकोस. मन लावून केलेलं एक काम पुरतं. त्याचा सारांश मराठीत दोन पानांत लिहून ज्या आरोग्यसेविकांची रजिस्टरं वापरलीस त्यांना दे. आपण लिहिलेल्या आकड्यांचं पुढे काय झालं हे त्यांना आजवर कोणीच सांगितलेलं नाही. चूक कुठे आहे ते त्याच तुला सांगतील, आणि परीक्षकांआधी सांगतील.

तेव्हा पहिल्या सत्रात एवढं कर. ज्या रुग्णालयाचा डेटा मिळणार आहे तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये आणि बिलिंगच्या खिडकीमागे परवानगी काढून बस. कोणता रकाना कोण भरतं, कधी भरतं, चुकलं तर कोण ओरडतं, हे लिहून काढ. त्यातून काय कळू शकत नाही याची यादी आपोआप तयार होईल. प्रबंधात ‘अभ्यासाच्या मर्यादा’ हे प्रकरण सगळे शेवटी दोन पानांत उरकतात. तू ते सगळ्यात आधी लिही. मग साथरोगशास्त्रातलं नेमकं काय वाचायचं ते तुझं तुलाच कळेल.

ताईला आणि भावजींना नमस्कार सांग. जेवणाची आबाळ करू नकोस. मर्यादांचं प्रकरण झालं की मला पाठव. इंग्रजीत असलं तरी चालेल, सावकाश वाचेन. रकाने तपासायची सवय अजून गेलेली नाही.

कळावे,
तुझी मावशी